खोली सोडण्याबाबत

९ फेब्रुवारी

ताईंना सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या आईंच्या घरात सप्टेंबरपासून राहणारा भाडेकरू, चष्म्याच्या दुकानातला. आपली भेट एकदाच झाली, करारावर सही करताना, म्हणून ओळख सांगितली.

पत्र लिहायचं कारण एवढंच की या महिनाअखेर मी खोली सोडावी म्हणतो. करार अकरा महिन्यांचा आहे आणि जुलैअखेर संपतो, हे मला माहीत आहे. दोन महिने आधी कळवायचं असं नवव्या कलमात तुम्ही लिहिलंय, तेही वाचलंय. तेवढा अवधी देता येत नाही, त्याबद्दल माफी असावी. आमच्या दुकानाची दुसरी शाखा निघते आहे, पार दुसऱ्या टोकाला, आणि मालक मला तिकडे पाठवणार आहेत. रोज इतक्या लांबून जाणं-येणं जमणार नाही.

मावशींबद्दल (मी तुमच्या आईंना मावशी म्हणतो) कसलीही तक्रार नाही. माझ्या तीन शर्टांच्या कॉलर त्यांनी न सांगता उलटवून दिल्या. त्यांना मी अजून हे बोललेलो नाही.

नवा भाडेकरू बघाल तो वस्तू जागच्या जागी ठेवणारा बघा, विशेषतः कात्री. मागच्या दाराच्या पायरीला पांढरा रंग मारून घेतलात तर बरं. आणि कपाटाचं दार उघडं ठेवायची सवय असलेला माणूस नको.

आपल्या आईचा भाडेकरू

---

१४ फेब्रुवारी

भाडेकरू महाशय,

तुमचं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि डबा तसाच घरी परत आणला. दिवसभर मी बिस्किटांचे पुडे खोक्यात भरते. त्या दिवशी बारा-बाराच्या खोक्यात अकरा-अकरा भरत होते, म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळी.

तुमच्या आधी तीन भाडेकरू होऊन गेले. पहिली मास्तरीण, तिला आई घासलेली भांडी पुन्हा घासायला लावायची. दुसऱ्याने नळ टपटपत ठेवला म्हणून दीड महिन्यात त्याच्या नाकात दम आणला. तिसरी चपला हातात घेऊन गेली, पायात घालायलाही थांबली नाही. तुम्ही टिकलात तेव्हा मी म्हटलं, सुटले. आता तुम्हीही काढता पाय घेताय. नवी शाखा म्हणे. खरं सांगा, आई छळते का? नळावरून? चपलांवरून? मी तिला लिहीन, दटावीन. ती ऐकणार नाही, पण दोन आठवडे धुसफुसण्यात जातील, तेवढी तुम्हाला उसंत.

माझी बाजू ऐका. माझ्याकडे दोन खोल्या. एकीत सासूबाई, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दुसरीत मी, मुलगी, आणि महिन्यातून चार दिवस घरी असले तर नवरा, ते ट्रकवर असतात. घरात दुसरं माणूस नसेल तर आईला तिथे एकटं ठेवायचं नाही, हे मी वडील गेल्यावर ठरवलंय. तुम्ही गेलात की मला तिला इकडे आणावं लागेल, म्हणजे घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. (आईला घोडं म्हटलं हे तिला वाचून दाखवू नका.) आणि ती येणार नाही. 'शिवणाच्या मशीनवरून उठवलंस तर मी मेलेच समज,' हे तिचं ठरलेलं वाक्य आहे, आणि ती ते करून दाखवील अशी मला भीती आहे.

जाऊ नका. हात जोडते. जुलैपर्यंत तरी राहा.

एक मात्र कळलं नाही. निघून जाणारा माणूस पायरीला रंग मारायला कशाला सांगतो?

तुमच्या घरमालकिणीची मुलगी

---

१९ फेब्रुवारी

ताई,

नवी शाखा वगैरे काही नाही. मी खोटं लिहिलं. मावशींचा त्रासही नाही. त्रास माझ्यापासून त्यांना झालाय, आणि तो त्यांना अजून ठाऊक नाही. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर मी पुन्हा पळवाट शोधीन.

ऑक्टोबरात एकदा मावशी म्हणाल्या, सुईत दोरा जात नाही, हल्ली सुयाच बारीक नाकाच्या यायला लागल्यात. मी दुकानातली तपासणीच्या काचांची पेटी घरी आणली, त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून नंबर काढला, काचा घासल्या आणि चार दिवसांत चष्मा हातात दिला. दोरा एका झटक्यात गेला. त्यांनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, 'आमच्या घरात डोळ्यांचा डॉक्टर राहतो.' मी डॉक्टर नाही, काचा घासणारा आहे. तेव्हाच तसं म्हणायला हवं होतं, पण मी नुसता हसलो. डिसेंबरात पुन्हा दोरा जाईना, नंबर वाढवला. जानेवारीत पुन्हा वाढवला. दर खेपेला त्या बजावायच्या, 'चिमणीला कळवू नकोस हं, गाठोडं बांधून नेईल मला.' मी तुम्हाला कळवलं नाही.

दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आम्ही पहिल्यांदा त्याचा एक डोळा झाकतो. आधी उजवा, मग डावा. बारा वर्षांत मी हे एकदाही चुकवलेलं नाही. घरी पहिल्या दिवशी झाकायला गेलो तर मावशी म्हणाल्या, 'मला काय बंदूक मारायचीय?' आम्ही दोघंही हसलो आणि मी दोन्ही डोळ्यांनी मिळूनच वाचायला लावलं. पुढे प्रत्येक वेळी तसंच. घरचं माणूस, एवढं काय, असं वाटलं.

मग त्या डावीकडे आपटायला लागल्या. दाराची चौकट, कपाटाचं उघडं दार. एकदा बाहीबरोबर डाव्या हाताचं बोट टिपेखाली गेलं, सुई नखातून आरपार. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. ६ तारखेला मी त्यांच्या डाव्या अंगाला उभा राहून चहाचा कप पुढे केला आणि त्यांनी तो घेतलाच नाही. मी कप धरून उभा, त्या समोर बघत बोलतायत. मग गंमत केल्यासारखं दाखवून मी त्यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि विचारलं, किती बोटं दाखवतोय. त्या म्हणाल्या, 'दिवा तर लाव आधी.' तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना, एका गिऱ्हाइकाचं म्हणून, सगळं विचारलं. ते म्हणाले, काचबिंदू दिसतोय. डोळ्यातला दाब वाढतो आणि तो कडेकडेने नजर खात येतो. चष्म्याच्या नंबराशी त्याचा काही संबंध नाही. गेलेली नजर परत येत नाही. दुसरा डोळा चालत असेल तर त्यांना आजच्या आज आणा, एकेक आठवडा मोलाचा आहे. याला आज बारा दिवस झाले.

या बारा दिवसांत मी त्यांना नेलेलं नाही. तीनदा विषय काढला. 'तू आहेस की घरात, डॉक्टर कशाला?' एवढंच त्या म्हणतात. त्यावर बोलायचं एकच वाक्य आहे आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. मला वाटलं, आपण निघून जावं, म्हणजे तुम्ही आईंना तुमच्याकडे न्याल, तिथले डॉक्टर बघतील आणि मला कोणी काही विचारणार नाही. असा माणूस तुम्ही घरात ठेवलाय. जेवण जात नाही. दुकानात कोणाच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

पायरी मी काल रंगवली. तुम्ही या, लवकर या.

---

२३ फेब्रुवारी

नमस्कार-बिमस्कार काही लिहीत नाही.

बारा दिवस तुमचे, चार तुमच्या पत्राचे, चार या उत्तराचे. उरलेल्या एका डोळ्याचे वीस दिवस तुम्ही लाजेपायी घालवलेत. बाहेरच्या कोणी तिला इजा केली असती तर मी पोलिसात गेले असते. पण मीच पारखून घरात ठेवलेल्या माणसाचं काय करू? मॅनेजरच्या पाया पडून झालं, सात मार्चच्या आधी रजा नाही. सासूबाईंना सोडून तशीच निघाले तर त्यांना पाणी कोण देईल?

आता माझंही सांगते, नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी व्हायची. आईच्या पत्रांतल्या ओळी वर्षभरापासून एकमेकींवर चढायच्या. मी म्हटलं, घाईत लिहिते. नातीला फ्रॉक शिवून पाठवला, त्याला एक बाही उलटी. आम्ही हसलो, मी ती उसवून सुलटी केली आणि तिला कळवलंही नाही. डिसेंबरपासून तर पत्रं तुमच्या अक्षरात यायला लागली. 'हात शिवणात गुंतलेत, याच्याकडून लिहवून घेते.' मी मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. ती बरी आहे असं कोणीतरी लिहीत होतं आणि मला तेवढंच हवं होतं. तुम्ही तोंडात मूग धरून बसलात, मी डोळ्यांवर कातडं ओढून.

आता ऐका. तुम्ही कुठेही जायचं नाही. करारावर तुमची सही आहे आणि जुलै अजून लांब आहे. तुमचं १९ तारखेचं पत्र मी सोबत परत पाठवते आहे. आईला आधी ते वाचून दाखवा, मग हे माझं. एक शब्द गाळायचा नाही. ते वाक्य तोंडून निघत नाही ना? मग कागदावरून वाचा. आणि तिला डॉक्टरकडे न्या. येत नसेल तर उचलून न्या.

घोड्याचा उल्लेख १४ तारखेच्या पत्रात होता, तो वाचायची गरज नाही.

---

३ मार्च

चि. चिमणे, तुला आशीर्वाद.

हे मी सांगते आहे आणि तोच लिहितो आहे. एक शब्द गाळायचा नाही अशी तुझी आज्ञा आहे, ती मी त्याला माझ्या पत्रालाही लावली आहे.

सत्तावीस तारखेला त्याने दोन्ही पत्रं वाचली. मी कोटाची काजं करत होते. तो मध्येच अडायचा, मी म्हणायची, 'पुढे.' संपल्यावर मी काय बोलले ते लिहायला तो कां-कूं करतोय. लिही रे. मी म्हणाले, 'मेल्या, तुला मी घरचा समजले.' मग मी दार लावून घेतलं आणि रडले. पुष्कळ रडले. तो दाराबाहेर उभा होता, मला त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, तू कशाला रडतोस, डोळे माझे गेलेत.

दुसऱ्या दिवशी त्याने मला नेलं. डावा डोळा गेला, संपलं. उजव्याची कड गेली आहे, मधलं राहिलंय, नळीतून बघावं एवढं. डॉक्टर म्हणाले, पाच महिने आधी आणलं असतं तर उजव्याची बरीच कड वाचली असती. हे त्याच्यासमोर म्हणाले. तेव्हा त्याने खुर्चीचा हात असा धरला की मला वाटलं हाच पडतोय. दहा तारखेला ऑपरेशन आहे, राहिलंय ते टिकावं म्हणून. मशीनवर बसायचं नाही असंही डॉक्टर म्हणाले, ते मी ऐकलं नाही असं केलं.

आता माझं गुपित. डावा डोळा मागच्या वर्षीच अंधारला होता, हा राहायला यायच्या कितीतरी आधी. मला ठाऊक होतं. मी आरशासमोर उभी राहून स्वतःच उजवा झाकून बघितला होता. बंदुकीचा विनोद मी मुद्दाम केला, त्याने झाकून बघू नये म्हणून. त्याला कळलं असतं तर तुला कळलं असतं, आणि तू मला नेलं असतंस. मला माझं घर हवं होतं गं. एका डोळ्यावर निभेल असं वाटलं. दुसराही त्याच वाटेला लागलाय हे मला कुठे माहीत?

हे ऐकून तो लिहायचा थांबला आहे. थांबू नकोस, लिही. हे सांगितलं म्हणून मी त्याला मोकळं केलं असं दोघांनीही समजू नका. म्हातारी बाई फसवणारच, तिला घर सोडायचं नसतं. याचं तर कामच फसायचं नाही हे. मी डॉक्टर म्हणाले आणि हा फुगला. वासरात लंगडी गाय शहाणी. माझी चूक माझ्या पदरात, त्याची त्याच्या. एकीने दुसरी फिटत नाही.

मला भीती वाटते, चिमणे. रोज सकाळी आधी उजवा डोळा उघडते आणि खिडकी आहे का बघते. ती दिसेपर्यंत श्वास घेत नाही. तू ये. पण मला न्यायला येऊ नकोस, नुसती ये.

तुझी आई

---

११ मे

चष्मेवाल्या,

हे मी स्वतः लिहितेय. अक्षर मोठं आहे. पानावर चार ओळी मावतात. पानं मोजू नकोस.

ऑपरेशननंतर आठ दिवसांसाठी म्हणून आणलं मला. दोन महिने झाले.

चिमणी वाईट नाही. जीव टाकते. पण शेगडीला हात लावू देत नाही. दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. कामावर जाताना बाहेरून कडी घालते. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय.

विहीणबाई पलीकडच्या खाटेवर, मी अलीकडच्या. दोघी छताकडे बघतो. त्यांना उठता येत नाही. मला येतं.

परवा जावयांशी बोलत होती. मशीन विकून टाकू म्हणाली. मग घरही. मी झोपलेय असं तिला वाटलं.

थेंब दिवसातून तीनदा मीच घालते. एकही चुकलेला नाही. उजवा आहे तेवढा आहे.

तू खोली सोडली नाहीस ना? सोडू नकोस. तू आहेस तोवर घर विकता येत नाही.

करार काढ. तिच्याच हातचा आहे. दुसरं कलम बघ. घरमालकीण याच घरात राहील. मी राहत नाहीये. मग करार कोणी मोडला?

मी आजवर कोणाकडे काही मागितलं नाही. तुझ्याकडे मागते. मला इथून ने.

---

१६ मे

ताई,

मावशींचं पत्र आलं. अकरा पानं. शेजारच्या कोणाकडून तरी त्यांनी ते पेटीत टाकवलं असावं. तुम्हाला सांगू नको असं त्यांनी लिहिलेलं नाही, आणि लिहिलं असतं तरी या वेळी मी सांगितलंच असतं. ते पत्र सोबत जोडलं आहे. तुमच्याने ते वाचवणार नाही, तरी वाचा.

त्यांनी सांगितल्यावरून मी करार काढून बघितला. तुमच्या हातचं दुसरं कलम असं आहे: 'घरमालकीण याच घरात राहतील आणि स्वयंपाकघर दोघांत सामाईक असेल.' गेले दोन महिने हे पाळलं गेलेलं नाही. भाडेकरू म्हणून माझी तक्रार आहे. मला घरमालकीण परत हवी आहे.

तुम्ही म्हणाल, याने कोणत्या तोंडाने बोलावं. बरोबर आहे. पण मी डॉक्टरांना पुन्हा विचारून आलो, या वेळी कोणा गिऱ्हाइकाचं म्हणून नाही, मावशींचंच आणि माझ्या चुकीचंही म्हणून. ते म्हणाले, थेंब चुकले नाहीत तर राहिलेली नजर पुष्कळ दिवस राहील. आणि अशा माणसाने वावरावं तर चाळीस वर्षं पायाखालच्या घरातच वावरावं, तिथे पाय आपोआप पडतात. दर महिन्याला दाब मोजायला मी त्यांना नेईन आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद जसाच्या तसा तुम्हाला पाठवीन. माझ्या अक्षरावर तुम्ही विश्वास ठेवू नका, त्यांच्या अक्षरावर ठेवा.

रोज कोणीतरी कापड घेऊन दाराशी येतं आणि विचारतं, बाई कधी येणार. मी सांगतो, येणार आहेत. संध्याकाळी घरी आलो की मशीनवरची धूळ पुसतो. घरात बोलायला कोणी नाही, नळ बंद करायला सांगायला कोणी नाही. मी फेब्रुवारीत जिथून पळून जायला निघालो होतो ते हेच घर, आणि आता त्यात एकट्याला जेवण जात नाही.

तुम्ही कडी घालता ती भीतीपोटी, हे मला कळतं. त्या इथे ठेचकाळतील, एखाद्या दिवशी पडतीलही, आणि तुम्ही मलाच बोल लावाल. लावा. तिथे त्या पडणार नाहीत, कारण तिथे तुम्ही त्यांना उठूच देत नाही.

जुलैअखेर हा करार संपेल. नवा मी लिहून ठेवला आहे. बाकी कलमं तुमचीच आहेत, फक्त मुदतीची जागा कोरी ठेवली आहे, ती मावशी भरतील.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. तुम्ही कडी काढली नाहीत तर दाराबाहेर बसून राहीन. मी आठ दिवसांची रजा घेतली आहे.

आपल्या आईचा भाडेकरू